पिवळ्या पत्रकातली शेवटची सूचना

“गॅरेथ एव्हान्स,” नेरिसनं हाक मारली आणि चार माणसं उठून उभी राहिली.

ऑक्टोबरातला शनिवार. पेंत्रेवेनच्या दवाखान्यात फ्लूच्या इंजेक्शनांचा दिवस होता. रांग दारातून बाहेर जाऊन चॅपलच्या फाटकापर्यंत पोचली होती. आत ओल्या कोटांचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास भरला होता. नेरिसला काउंटरवर बसून जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिच्या आधीची बाई तीस वर्षं तिथं होती आणि गावातल्या प्रत्येकाला त्याच्या धंद्यानं ओळखायची. नेरिसच्या हातात मात्र नुसती यादी होती.

“चौघांतला कुठला?” पहिल्या म्हाताऱ्यानं विचारलं. “मी दूधवाला. हा मास्तर. आणि हा आमच्या गायकमंडळात सगळ्यात खालच्या पट्टीत गातो, म्हणून खर्जातला गॅरेथ.”

“आणि हे?”

चौथा बाकीच्यांच्या अर्ध्या वयाचा होता. उंच, खांदे किंचित वाकलेले, अंगावर बस कंपनीचं हिरवं जाकीट.

“तो बसवाला. बोलत नाही फारसा. पण वेळेवर येतो.”

“जन्मतारीख सांगाल का?” नेरिसनं त्याला विचारलं.

“सगळ्यांसमोर?” तो हळूच म्हणाला. “माझी हरकत नाही… पण या तिघांना वाईट वाटेल.”

दूधवाल्यानं त्याच्या पाठीत एक धपका घातला. नेरिसला हसू आलं आणि ते लपवण्यासाठी तिनं यादीत डोकं घातलं. नऊ मार्च, एक्याण्णव. दम्याचा त्रास, म्हणून त्याचं नाव म्हाताऱ्यांच्या रांगेत. तिनं खूण केली. खूण करून झाल्यावरही पेन्सिल थोडा वेळ त्याच ओळीवर राहिली.

सोमवारी नेरिसच्या आईची जुनी गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. त्या संध्याकाळी सहा दहाला नेरिस दवाखान्यासमोरच्या थांब्यावर उभी राहिली. ती वरच्या वाडीत राहायची, डोंगराच्या पोटाशी, सहा थांबे पुढं. दार उघडलं आणि चौथा गॅरेथ एव्हान्स तिच्याकडे पाहत म्हणाला, “जन्मतारीख?”

“बसमध्ये लागते?”

“दवाखान्यात लागते, तर बसमध्ये का नको?”

ती दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसली. सीटखाली गरम हवेची जाळी होती. ती जाळी चालू असते हे नेरिसला पहिल्याच दिवशी कळलं. ती फक्त त्याच सीटखाली चालू असते, हे कळायला मात्र तिला पंधरा दिवस लागले.

दवाखान्याचं एक पत्रक निघायचं, दर महिन्याला, पिवळ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापलेलं. दरीत मोबाइल नीट लागत नाही, त्यामुळे मेसेज पाठवून काम भागत नसे. पत्रक लिहायचं काम नेरिसकडे आलं होतं. एक प्रत बेकरीत, एक चॅपलमध्ये, एक पोस्टात, आणि एक बसमध्ये, चालकाच्या पाठीमागच्या काचेवर. चिकटपट्टी घेऊन ती स्वतः लावायची. बस उभी असेपर्यंतच्या चार मिनिटांत हे काम होई. खरं तर ते एका मिनिटाचं होतं.

“‘घसा दुखत असेल तर आधी औषधाच्या दुकानात विचारा,’” गॅरेथनं आरशात पाहत वाचलं. आरशातून अक्षरं उलटी दिसत असणार, म्हणजे त्यानं ते आधीच पाठ केलं होतं. “‘सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. भरपूर पाणी प्या, विश्रांती घ्या.’ भरपूर म्हणजे किती?”

“तहान भागेल इतकं.”

“आणि नाही भागली तर?”

“सकाळी आठ वाजता फोन करा.”

“आठ वाजता तुमचा फोन लागत नाही. अख्खं गाव तेव्हाच फोन करतं.”

“मग सव्वाआठला करा.”

“सव्वाआठला मी बसमध्ये असतो.”

“मग राहा तहानलेले,” नेरिस म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर काळोखात मेंढ्यांखेरीज काही नव्हतं… तरी ती बघत राहिली.

नोव्हेंबरच्या पत्रकात तिनं लिहिलं, की गेल्या महिन्यात एकसष्ट जणांनी डॉक्टरांची वेळ घेतली आणि न कळवता आलेच नाहीत.

“एकसष्ट माणसांनी तुम्हाला वाट पाहायला लावली?” गॅरेथ म्हणाला. “या दरीत इतकी मूर्ख माणसं असतील असं वाटलं नव्हतं.”

“मला नाही, डॉक्टरांना.”

“हां… मग ठीक आहे.”

डिसेंबरात सल्ला होता गरम पाण्याच्या पिशवीचा. दोन वर्षांनी बदला, जुन्या पिशव्या फुटतात आणि माणसं भाजतात. गॅरेथ सहज बोलून गेला, की त्याची पिशवी त्याच्या आजीची आहे. नाताळच्या आदल्या दिवशी नेरिस उतरली तेव्हा सीटवर एक पुडकं राहिलं. त्यात नवी पिशवी होती, हिरव्या लोकरीचं कव्हर घातलेली. कव्हराचे टाके एका बाजूला सुटले होते. विणणं तिला फारसं जमत नसे.

सहा दहाची बस आता बऱ्याचदा सहा बाराला सुटू लागली होती. काउंटर बंद करायला नेरिसला उशीर झाला की हटकून. दूधवाल्या गॅरेथनं एकदा घड्याळ दाखवलं, तेव्हा बसवाला म्हणाला, “इंजीन गार आहे.”

“इंजीन नाही गार,” दूधवाला म्हणाला. “तू गार आहेस. नाहीतर एव्हाना बोलला असतास.”

प्रेम कुठल्या थांब्यावर सुरू झालं हे छातीठोकपणे सांगणं अवघड आहे. त्या दोघांनाही ते सांगता आलं नसतं. एवढं खरं, की जानेवारी उजाडला तेव्हा दोघंही एकमेकांना अजून ‘तुम्ही’ म्हणत होते, आणि दोघांनाही ते जड जायला लागलं होतं.

चौदा जानेवारीला सकाळी नेरिसनं संगणकावर रोजची यादी उघडली. कोणी गाव सोडून दुसऱ्या दवाखान्यात नाव नोंदवलं की त्या यादीत येतं. मग त्या माणसाची फाइल पुढं पाठवायची असते. तीन नावं होती. तिसरं होतं गॅरेथ एव्हान्स. नवा दवाखाना, कार्डिफ.

मास्तर असतील, असं तिला आधी वाटलं. मास्तरांची मुलगी कार्डिफला असते. जन्मतारखेवर तिनं हात ठेवला होता; तो उचलायच्या आधी तिनं श्वास घेतला. नऊ मार्च, एक्याण्णव.

ती उठून चहा करून आली. चहा पिऊन झाला. यादी तशीच समोर होती. मग तिनं ‘फाइल पाठवा’वर बोट दाबलं, कारण ते तिचं काम होतं.

काउंटरवर बसणाऱ्याला एक कागद सही करून द्यावा लागतो. इथं कळलेलं इथंच राहील. रस्त्यात, दुकानात, घरी, कुठंही बोलणार नाही. पेशंटपाशीसुद्धा त्याच्याबद्दलची गोष्ट आपण होऊन काढणार नाही. दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या मिसेस बेव्हन या बाबतीत फार कडक होत्या, आणि त्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी काउंटरवरच्या एका मुलीनं खाटकाच्या दुकानात एका सुनेचं मनापासून अभिनंदन केलं. सुनेनं घरात अजून सांगितलेलं नव्हतं, आणि सासू मागच्याच रांगेत होती. मुलीची नोकरी गेली, आणि ती सून वर्षभर दवाखान्याची पायरी चढली नाही.

त्या संध्याकाळी नेरिस बसमध्ये चढली आणि पहिल्या सीटवर बसली. जाळीतून गरम हवा येत होती.

“काही विशेष?” गॅरेथनं विचारलं.

“नाही.”

“दवाखान्यात काही नवीन?”

“रक्तदाबाचं मशीन बिघडलंय.”

“बाकी काही नाही?”

“नाही.”

आरशात त्याचे डोळे क्षणभर थांबले आणि रस्त्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी विचारलं नाही, आणि सहा दहाची बस बरोबर सहा दहाला सुटली. नेरिसला धावत येऊन दारावर थाप मारावी लागली.

“माफ करा,” तो म्हणाला. “बघितलं नाही.”

त्यानं बघितलं होतं, हे तिला माहीत होतं.

रात्रभर तिला वाटत राहिलं, की तो जातोय आणि त्याला सांगावंसंही वाटलं नाही. सकाळी दात घासताना मात्र वेगळंच काहीतरी तिच्या डोक्यात आलं. काउंटरवर बसून तिला एक गोष्ट पक्की समजली होती. माणसं गाव बदलतात तेव्हा पत्ता बदलतात, बँकेला कळवतात, मांजराचा डॉक्टरसुद्धा शोधतात. स्वतःचा डॉक्टर मात्र सगळ्यात शेवटी, तोही आजारी पडल्यावर. आणि हा माणूस अजून इथंच राहतोय, रोज बस चालवतोय. दम्याचे पंप त्यानं डिसेंबरातच दोन महिन्यांचे नेलेत. ते तिनंच त्याच्या हातात दिलेत. मग इतक्या घाईनं कार्डिफला नाव कशाला नोंदवायचं?

एकाच जागी ती बातमी नक्की पोचणार होती… तिच्या समोरच्या पडद्यावर.

तोंडानं बोलता येत नाही म्हणून त्यानं तिला असं सांगितलं होतं. आणि ती रोज त्याच्यासमोर बसून म्हणत होती, रक्तदाबाचं मशीन बिघडलंय.

टूथब्रश तोंडात ठेवूनच ती आईला म्हणाली, “मी मूर्ख आहे.”

“होईल बरं,” आई म्हणाली. “टोस्ट खा.”

पण हे सगळं चूकही असू शकत होतं. कदाचित तो नुसताच जात असेल. बोलावं तर नियम मोडतो, आणि गावातल्या लोकांचं काय काय तिच्यापाशी विश्वासानं ठेवलेलं होतं. न बोलावं तर तो निघून जातो. नेरिस दिवसभर फोन घेत राहिली, वेळा देत राहिली. संध्याकाळी तिनं जानेवारीचं पत्रक लिहायला घेतलं. बर्फाळ पायऱ्यांवर मीठ टाका. नेहमीची गोळ्यांची चिठ्ठी दोन दिवस आधी द्या. रक्तदाबाचं मशीन दुरुस्त झालं आहे. शेवटी थोडी जागा उरली होती. तिथं तिनं लिहिलं, खोडलं, आणि पुन्हा लिहिलं.

‘काउंटरवर बसणाऱ्यांना तुमच्याविषयी पुष्कळ काही माहीत असतं, पण ते आपण होऊन बोलण्याची आम्हाला परवानगी नाही. बाजारात, चॅपलमध्ये किंवा बसमध्ये भेटल्यावर आम्ही गप्प राहिलो, तर आम्हाला काही वाटत नाही असा अर्थ कृपया काढू नका. कधीकधी फार वाटत असतं. तुम्ही स्वतः एकदा सांगा. मग आम्हालाही बोलता येईल.’

मिसेस बेव्हननी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. नेरिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “याची फार गरज होती. फक्त ‘कधीकधी फार वाटत असतं’ हे जरा…”

“काढू?”

मिसेस बेव्हननी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. “राहू दे,” त्या म्हणाल्या.

पत्रक सोमवारी सगळीकडे लागलं. मंगळवारी सकाळी दूधवाला गॅरेथ काउंटरवर येऊन कोपरं टेकून उभा राहिला.

“पोरी, तुझं वाचलं. म्हटलं, बिचारी किती दिवस गप्प बसली असेल. तर मी स्वतः सांगतो. डॉक्टरांनी बंद केलेलं लोणी मी अजून खातो. दोन्ही वेळा. आता बोल तू.”

“गॅरेथ, मला हे माहीत नव्हतं.”

“नव्हतं?” दूधवाल्याचा चेहरा पडला. “मग आता विसरून जा.”

दुपारी खर्जातला गॅरेथ आला. त्यानं इकडंतिकडं पाहून सांगितलं, की कानात मशीन बसवल्याचं त्यानं गायकमंडळापासून लपवलंय, आणि नेरिसला त्याबद्दल वाईट वाटत असेल तर तिनं मन मोकळं करावं. बुधवारपर्यंत अकरा जणांनी तिच्याकडे येऊन काही ना काही कबूल केलं. मास्तरांनी एक चिठ्ठी दिली. तीत एवढंच होतं, की सूचना वाचली, आणि एका जागी स्वल्पविराम हवा.

बसवाल्या गॅरेथनं मात्र काहीच म्हटलं नाही. पत्रक त्याच्या पाठीमागं, डोक्यापासून वीतभर अंतरावर होतं. सोमवारी ते लावताना नेरिसच्या हातातली चिकटपट्टी दोनदा वाकडी लागली होती. तो समोर बघत बसला होता. मंगळवारी तसाच. बुधवारी त्यानं आरसासुद्धा थोडा वर फिरवून ठेवलेला होता. नेरिसनं मनाशी ठरवलं, संपलं. उद्यापासून मागं बसायचं.

गुरुवारी ती खरोखर मागं जायला निघाली, तर मागच्या सीटवर दूधवाला गॅरेथ पिशव्या पसरून बसला होता.

“इथं जागा नाही,” तो म्हणाला. बस रिकामी होती.

ती पहिल्या सीटवर बसली. बस निघाली. चौथ्या थांब्याच्या पुढं, जिथं रस्ता रुंद होतो आणि समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला थांबतात, तिथं गॅरेथनं बस बाजूला घेतली. समोरून गाडी काही येत नव्हती. इंजीन चालू होतं, काचेवर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं.

त्यानं आरसा खाली फिरवला.

“मला कार्डिफला बोलावलंय,” तो म्हणाला. “बसवरच. मोठी बस, मोठा रस्ता. पहिल्या तारखेपासून. उद्या हो की नाही ते कळवायचंय.” मग थोडं थांबून, “हे… मी स्वतः सांगतोय.”

नेरिसनं मोजे घातलेले हात मांडीवर घट्ट धरले.

“अजून हो म्हटलेलं नाही?”

“नाही.”

“नोकरीला हो म्हणायच्या आधी डॉक्टर बदलला?”

“नोकरीला काही विचारायचं नव्हतं,” तो म्हणाला. “तुम्हाला विचारायचं होतं.”

“मग विचारायचं ना. तोंडानं.”

“येत नाही मला. गरम पाण्याची पिशवी मिळाली तेव्हासुद्धा तीन दिवस मी ‘आभारी आहे’ म्हणायचा सराव केला. चौथ्या दिवशी म्हटलं, ‘आज धुकं आहे.’”

“आठवतं. त्या दिवशी धुकं नव्हतं.”

“सोमवारी तुमचं ते वाचलं. वाटलं, माझ्यासाठी असेल. मग वाटलं, सगळ्या गावासाठी लिहिलेलं आपण स्वतःवर का ओढून घ्यायचं. तीन दिवस तेच वाचतोय. ‘कधीकधी फार वाटत असतं’… हे कुणाला उद्देशून आहे?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मी दम्याचा माणूस आहे,” गॅरेथ म्हणाला. “माझा श्वास उगाच अडकवू नका.”

नेरिस उठली. दोन पावलं पुढं आली आणि त्याच्या पाठीमागच्या काचेपाशी, त्या पिवळ्या कागदाला खांदा लावून उभी राहिली. आता आरशाची गरज नव्हती.

“जाऊ नका,” ती म्हणाली. मग तिला ते पुरेसं वाटलं नाही. “जाऊ नकोस.”

गॅरेथनं स्टिअरिंगवरचा हात उचलला. तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना, तेव्हा नेरिसनं मोजा काढून आपला हात पुढं केला.

गॅरेथनं तो धरला आणि सोडला नाही.

“तो जाणार नाही, कळलं मला,” मागून दूधवाला म्हणाला. “पण बस तरी जाऊ दे. माझं लोणी वितळतंय.”

शुक्रवारी गॅरेथनं कार्डिफला नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी पंचवीस जानेवारी होती, डुइनवेनचा दिवस. या भागात प्रेमात पडलेली माणसं तो पाळतात. बेकरीतून त्यानं बदामाच्या आकाराचं बिस्किट आणलं आणि न बोलता तिच्या सीटवर ठेवलं. बस सहा चौदाला सुटली.

पण एक अडचण उरली होती. गॅरेथची फाइल कार्डिफला पोचली होती. पेंत्रेवेनच्या दवाखान्याच्या लेखी तो आता या गावचा नव्हता. सोमवारी सकाळी तो काउंटरवर आला, केस नीट विंचरून.

“नवीन नाव नोंदवायचंय.”

“या दवाखान्यात पूर्वी कधी आला होतात?” नेरिसनं विचारलं. सगळ्यांना तेच विचारायचं असतं.

“एकदा. इंजेक्शन घ्यायला. तेव्हापासून बरं वाटत नाही.”

तिनं फॉर्म आणि पेन पुढं सरकवलं. समोरच्या बाकांवर बाकीचे तिन्ही गॅरेथ बसले होते. त्यांतल्या कोणाला खरंच काम होतं आणि कोणाला नव्हतं, हे न विचारलेलं बरं. बसवाला काउंटरला टेकून लिहू लागला. नाव. जन्मतारीख. दमा: आहे. धूम्रपान: नाही. व्यायाम: कमी, बसून काम. एका रकान्यापाशी त्याचं पेन बराच वेळ थांबलं. मग त्यानं भरभर काहीतरी लिहिलं आणि फॉर्म उलटा करून तिच्याकडे दिला.

नेरिसनं तो सुलटा केला.

अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं: नेरिस मॉर्गन.

तुमचं नातं: विचारतो आहे.

तिनं ते वाचलं. मग संगणकावर एकेक माहिती भरायला घेतली, कारण तिच्या हातांना काहीतरी करायला हवं होतं.

“हे असं चालत नाही,” ती हळू आवाजात म्हणाली. “इथं एक यादी असते. त्यातलंच निवडावं लागतं.”

“यादीत काय आहे?”

“आई, वडील, भाऊ, बहीण. शेजारी.”

“शेजारी नको. सहा थांबे लांब आहेस तू.”

“मित्र.”

“आणखी खाली काही?”

“आहे.” तिनं पडद्याकडे पाहिलं. पडदा पेशंटला दाखवायचा नसतो, आणि तिनं तो दाखवला नाही. “पण ते पेशंटनं स्वतः सांगावं लागतं.”

गॅरेथनं खोल श्वास घेतला, पंप न वापरता.

“जोडीदार,” तो म्हणाला. सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. खर्जातल्या गॅरेथला तर कानातल्या मशीनशिवायही ऐकू गेलं असतं.

नेरिसनं यादीतल्या त्या शब्दावर बोट दाबलं. मग मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी हसू लपवण्यासाठी कागदाची यादी हाताशी नव्हती.

तेवढ्यात आतलं दार उघडलं. डॉक्टर हातातल्या कागदाकडे बघत बाहेर आल्या.

“गॅरेथ एव्हान्स,” त्यांनी हाक मारली.

चौघांपैकी एकही हलला नाही.